सजीवांची अक्षरे आणि संगणक

भुईमुगाचे एखादे रोप मुळासकट हलक्या हाताने उपटून पाहा. मुळांवर मोहरीएवढ्या लहानलहान गाठी दिसतील. त्यांतली एखादी टपोरी गाठ नखाने फोडली, तर ती आतून गुलाबी निघते. हा गुलाबी रंग ज्या पदार्थाचा असतो, तो आपल्या रक्ताला लाल करणाऱ्या हीमोग्लोबिनचा नातेवाईक आहे. त्याचे नाव लेगहीमोग्लोबिन. भुईमूग, तूर, हरभरा यांच्या मुळांवरील गाठींत नायट्रोजन बांधून ठेवणारे जीवाणू राहतात, आणि त्यांना लागणारा ऑक्सिजन मोजून-मापून पुरवण्याचे काम हे प्रथिन करते.

वनस्पती आणि माणूस यांच्यात असे नाते आहे हे कशावरून ठरवले? नुसता रंग सारखा असणे हा पुरावा नव्हे. टोमॅटोही लाल असतो. हे नाते शोधण्यासाठी दोन्ही प्रथिनांची रचना अक्षराअक्षराने ताडून पाहावी लागते, आणि हे ताडून पाहण्याचे शास्त्र म्हणजेच संगणकीय जीवशास्त्राचा पाया. आज अनेक विद्यापीठांत या विषयात एम्.एस्सी. करता येते. पुणे विद्यापीठात (२०१४ पासून सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ) त्यासाठी बायोइन्फर्मेटिक्सचे स्वतंत्र केंद्र आहे. या अभ्यासक्रमात नेमके काय शिकवतात, असे विद्यार्थी विचारतात, तेव्हा विषयांची यादी वाचून दाखवण्यात फारसा अर्थ नसतो. त्यापेक्षा तिथल्या पहिल्या सत्रातला एक धडाच आपण येथे शिकू. त्याला नववीच्या गणितापलीकडे काही लागत नाही. कागद-पेन्सिल मात्र हवी.

अक्षरे कोणती?

पेशीतील डीएनए ही चार प्रकारच्या घटकांची लांबलचक माळ असते : अ‍ॅडेनिन, थायमिन, ग्वानिन आणि सायटोसिन. सोयीसाठी आपण त्यांना अ, थ, ग, स म्हणू. माणसाच्या डीएनएमध्ये अशी सुमारे ३०० कोटी अक्षरे आहेत. तीन-तीन अक्षरांचा एक शब्द होतो आणि प्रत्येक शब्द एकेका अ‍ॅमिनो आम्लाचे नाव सांगतो. शब्द ६४, पण अ‍ॅमिनो आम्ले २० च; म्हणून पुष्कळ आम्लांना एकाहून अधिक शब्द आहेत, आणि तीन शब्दांचा अर्थ ‘येथे थांबा’ एवढाच आहे. अ‍ॅमिनो आम्ले एकापुढे एक जोडली जाऊन प्रथिन तयार होते.

एका अक्षराच्या चुकीने काय होते याचे उदाहरण आपल्या महाराष्ट्रातच आहे. विदर्भात आणि नंदुरबारच्या पट्ट्यात सिकलसेल हा आनुवंशिक रक्तविकार आढळतो. हीमोग्लोबिनच्या एका साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्ल असते. त्याचा शब्द ‘गअग’. सिकलसेलमध्ये तेथे ‘गथग’ होते आणि ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन येते. बस्स, एवढाच फरक. पण त्यामुळे ऑक्सिजन कमी पडला की हीमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटून दोऱ्यासारखे लांबतात आणि लाल पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात. प्रथिनातला हा फरक व्हर्नन इन्ग्रॅम यांनी केंब्रिज येथे १९५७ पर्यंत दाखवून दिला. आता गंमत पाहा. त्याच शब्दात शेवटचे अक्षर बदलून ‘गअअ’ झाले, तर काहीच बिघडत नाही, कारण ‘गअअ’ म्हणजेही ग्लुटामिक आम्लच. दोन्ही ठिकाणी एकच अक्षर बदलले. पण एक बदल जिवावर बेततो आणि दुसरा कोणाच्या लक्षातही येत नाही. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे लागेल.

दोन माळा कशा जुळवायच्या?

समजा, दोन माळा आहेत : गअथस आणि गथस. एकीखाली एक सरळ लिहिल्या, तर पहिला ‘ग’ जुळतो आणि पुढे सारा गोंधळ होतो. पण दुसरीत एक जागा रिकामी सोडली, तर :

ग अ थ स
ग – थ स

तीन अक्षरे जुळली. याचा अर्थ असा लावता येतो की, मूळ माळ एकच होती आणि पिढ्यान्‌पिढ्या नकला होताना एका ठिकाणी ‘अ’ गळला किंवा दुसऱ्या ठिकाणी शिरला. हस्तलिखित पोथ्यांची नक्कल करताना लेखनिकाच्या हातून एखादे अक्षर सुटते, तसेच हे.

येथे डोळ्यांनी उत्तर दिसले, कारण माळा चिमुकल्या आहेत. रिकाम्या जागा कोठेही सोडता येत असल्याने या दोन माळा एकूण १२९ प्रकारे जुळवता येतात. दहा-दहा अक्षरांच्या दोन माळा घेतल्या, तर ही संख्या ८०,९७,४५३ होते. शंभर-शंभर अक्षरांच्या माळांसाठी ती ७६ अंकी होते! एवढ्या जोडण्या एकेक करून तपासणे जगातल्या कोणत्याही संगणकाला शक्य नाही. म्हणजे नुसता वेगवान संगणक आणून भागत नाही, युक्ती लागते.

ती युक्ती सॉल नीडलमन आणि ख्रिश्चन वुन्श या दोघांनी १९७० मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध केली. तिचे आज शिकवले जाणारे सोपे रूप असे. प्रथम गुण ठरवा : अक्षर जुळले तर +१, न जुळले तर –१, रिकामी जागा सोडली तर –१. मग एक चौकट आखा. वर पहिली माळ, डावीकडे दुसरी. पहिली ओळ आणि पहिला स्तंभ ० पासून एकेक कमी करत भरा, कारण तेथे फक्त रिकाम्या जागाच सोडलेल्या आहेत. नंतरचे प्रत्येक घर भरताना तीन संख्या काढा : डावीकडच्या घरातून १ वजा करून, वरच्या घरातून १ वजा करून, आणि तिरक्या वरच्या-डाव्या घरात (अक्षरे जुळत असल्यास १ मिळवून, नसल्यास १ वजा करून). तिन्हींतली सर्वांत मोठी संख्या घरात लिहा.

| | | ग | अ | थ | स |
|---|---|---|---|---|---|
| | ० | –१ | –२ | –३ | –४ |
| ग | –१ | १ | ० | –१ | –२ |
| थ | –२ | ० | ० | १ | ० |
| स | –३ | –१ | –१ | ० | २ |

‘थ’च्या ओळीतले ‘थ’खालचे घर घ्या. डावीकडे ० आहे, त्यातून –१ मिळते. वर –१ आहे, त्यातून –२. तिरके घर ०, आणि थ-थ जुळतात, म्हणून १. तिघांत १ मोठा, तो लिहिला. बाकीची घरे स्वतः ताडून पाहा. छापलेल्या आकड्यांवर विश्वास ठेवू नका.

उजवीकडच्या तळाच्या घरातला २ हा सर्वांत चांगल्या जोडणीचा गुण : तीन जुळलेल्या अक्षरांचे ३, वजा एका रिकाम्या जागेचा १. जोडणी पाहिजे असेल, तर त्या घरापासून उलट चालत जा. २ हा आकडा तिरक्या १ वरून आला, १ हा तिरक्या ० वरून, ० हा डावीकडच्या १ वरून, आणि १ हा कोपऱ्यातल्या ० वरून. तिरकी पावले म्हणजे एकाखाली एक अक्षरे, आडवे पाऊल म्हणजे रिकामी जागा. वर लिहिलेलीच जोडणी मिळाली.

हे का साधते? पुण्याहून कोल्हापूरला जाणारी सर्वांत जवळची वाट साताऱ्यावरून जात असेल, तर तिचा पुणे ते सातारा हा भाग त्या दोन गावांमधल्या सर्वांत जवळच्या वाटेचाच असला पाहिजे. नाहीतर तो भाग बदलून आपण आणखी जवळची वाट काढली नसती का? म्हणून साताऱ्यापर्यंतचा हिशेब एकदा केला की पुन्हा करायला नको. चौकटीतले प्रत्येक घर असे एकेक सातारा आहे. दहा-दहा अक्षरांसाठी ऐंशी लाखांवर जोडण्यांऐवजी कडेची सोडून १०० घरे भरली की काम झाले. हीमोग्लोबिनच्या अल्फा साखळीत १४१ आणि बीटा साखळीत १४६ अ‍ॅमिनो आम्ले असतात. त्यांच्यासाठी २०,५८६ घरे. माणसाला कंटाळवाणे, पण संगणकाला क्षणाचे काम. जोडून पाहिले, तर या दोन साखळ्यांत चाळीस टक्क्यांहून थोड्या अधिक जागी एकच आम्ल सापडते. त्या एकाच पूर्वज साखळीपासून निघाल्या आहेत.

जुळले, पण योगायोगाने तर नव्हे?

येथपर्यंतचा भाग विद्यार्थ्यांना आवडतो. पुढचा भाग जरा कंटाळा आणतो, आणि माझ्या मते एम्.एस्सी.ची दोन वर्षे खरी उपयोगी पडतात ती त्याच्यासाठीच. प्रश्न असा : गुण २ आला, तो चांगला की वाईट?

दुसऱ्या माळेतली अक्षरे पत्त्यांसारखी पिसा. ग, थ, स यांच्या सहा मांडण्या होतात. प्रत्येक मांडणी पहिल्या माळेशी वरच्याच रीतीने जुळवून पाहिली, तर २ गुण फक्त ‘गथस’लाच मिळतात. म्हणजे निव्वळ योगायोगाने एवढा गुण मिळण्याची शक्यता सहांत एक, फाशावर हवे ते दान पडण्याइतकी. एवढ्यावरून या दोन माळांचे नाते आहे असे म्हणणे हा भाबडेपणा होईल. तीच परीक्षा अल्फा आणि बीटा साखळ्यांना लावा. बीटा साखळीतली अक्षरे हजारो वेळा पिसली, तरी खऱ्या गुणाच्या जवळपासही कोणी येत नाही. तेथे मात्र नाते ठामपणे सांगता येते.

संगणक सारखेपणा नेहमीच काढून दाखवतो. कोणत्याही दोन माळा द्या, तो एक ‘सर्वांत चांगली’ जोडणी देणारच. तिला अर्थ आहे की नाही हे संख्याशास्त्र सांगते. त्यामुळे या अभ्यासक्रमात संभाव्यता आणि संख्याशास्त्र यांना जीवशास्त्राइतकेच महत्त्व असते. ज्यांनी ‘गणित नको म्हणून जीवशास्त्र’ असा हिशेब मांडलेला असतो, त्यांची येथे पंचाईत होते. उलट, संगणकशास्त्राकडून आलेल्यांना सुरुवातीला पेशी, विकरे, जनुके यांची भाषा परकी वाटते. वर्गात दोन्ही प्रकारचे विद्यार्थी असतात आणि पहिले काही महिने एकमेकांच्या वह्या मागण्यात जातात. ही काही वाईट पद्धत नव्हे.

अकरावी-बारावीत गणित आणि जीवशास्त्र यांपैकी एक सोडण्याची मुभा असते. या वाटेला जायचे मनात असेल, तर जमल्यास दोन्ही ठेवावेत. शिक्षकांनीही ‘जीवशास्त्र म्हणजे पाठांतर’ हा समज मुलांच्या मनात पक्का होऊ देऊ नये.

गुण कोणी ठरवले?

‘गअग’चे ‘गथग’ झाले काय आणि ‘गअअ’ झाले काय, आपल्या चौकटीत दोन्हींना सारखाच दंड. हे जीवशास्त्राला पटण्यासारखे नाही. अ‍ॅमिनो आम्लांतही काही एकमेकांसारखी असतात; त्यांची अदलाबदल प्रथिनाला सोसते. काही अगदी भिन्न असतात, त्यांची सोसत नाही. मग कोणत्या अदलाबदलीला किती गुण द्यायचे?

हा प्रश्न मार्गारेट डेहॉफ या अमेरिकन विदुषीने सोडवला. मूळच्या त्या रसायनशास्त्राच्या. डॉक्टरेटसाठी त्यांनी १९४० च्या दशकातच छिद्रपत्रांवर चालणाऱ्या यंत्रांकडून रेणूंची गणिते करून घेतली होती. १९६५ मध्ये त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तोवर वाचल्या गेलेल्या प्रथिनांचा एक संग्रह पुस्तकरूपाने प्रसिद्ध केला. त्यात अवघी ६५ प्रथिने होती! संगणकाची जागा वाचावी म्हणून प्रत्येक अ‍ॅमिनो आम्लाला एकाक्षरी नाव देण्याची रूढ झालेली पद्धतही त्यांचीच. पुढे त्यांनी जवळच्या नात्यातली प्रथिने घेऊन निसर्गात कोणते आम्ल कोणात किती वेळा बदलले आहे, याची प्रत्यक्ष मोजदाद केली आणि त्यावरून गुणांचे कोष्टक बनवले. ते कोष्टक १९७८ च्या आवृत्तीत प्रसिद्ध झाले. म्हणजे गुण कोणाच्या मनाने ठरलेले नाहीत. उत्क्रांतीने काय चालवून घेतले, ते पाहून ठरले. चौकट तीच, फक्त +१ आणि –१ च्या जागी कोष्टकातले आकडे.

एक शोध, जो प्रयोगशाळेत लागला नाही

प्रथिनांची जुळवाजुळव हा रिकामा खेळ नाही, हे जगाला १९८३ मध्ये दिसले. माकडांना होणाऱ्या एका प्रकारच्या कर्करोगाचा विषाणू शास्त्रज्ञांना ठाऊक होता. त्यातले कोणते जनुक कर्करोग घडवते तेही माहीत होते. ते कसे घडवते, हे मात्र कोणालाच सांगता येत नव्हते. दुसरीकडे, अगदी वेगळे शास्त्रज्ञ रक्तबिंबिकांतल्या एका प्रथिनाचा अभ्यास करीत होते. जखम झाली की ते प्रथिन बाहेर पडते आणि आसपासच्या पेशींना ‘वाढा, जखम भरा’ असा निरोप देते. कॅलिफोर्नियातील रसेल डूलिटल हे वाचल्या गेलेल्या प्रथिनांचा संग्रह स्वतः बाळगून होते. या वाढ-प्रथिनाची माळ त्यांनी संग्रहाशी ताडली, तेव्हा ती त्या विषाणूच्या कर्करोग-जनुकाशी जवळजवळ तंतोतंत जुळली. लंडनमध्ये मायकेल वॉटरफील्ड यांच्या गटालाही त्याच वर्षी स्वतंत्रपणे हेच आढळले.

उलगडा एका क्षणात झाला. विषाणूने पेशीचेच जनुक पळवले होते. जखम नसतानाही तो पेशींना सतत ‘वाढा’ असा निरोप देत होता, आणि पेशी बिचाऱ्या आज्ञाधारकपणे वाढत होत्या. एकाच्या कपाटातली माळ दुसऱ्याच्या कपाटातल्या माळेशेजारी ठेवण्याचा अवकाश होता. मात्र एक गोष्ट विसरू नये : दोन्ही माळा कोणीतरी प्रयोगशाळेत वर्षानुवर्षे खपून वाचलेल्या होत्या. संगणक आला म्हणून सूक्ष्मदर्शक आणि परीक्षानळी अडगळीत गेली, असे समजणारे लोक भेटतात. त्यांनी ही हकिगत वाचावी.

हीच रीत पुढे आपल्या सर्वांच्या उपयोगी पडली. जानेवारी २०२० मध्ये नव्या करोना विषाणूची सुमारे तीस हजार अक्षरांची माळ जाहीर झाली. जुन्या संग्रहांशी ती ताडल्यावर थोड्याच दिवसांत कळले की, २००३ च्या सार्स विषाणूशी ती सुमारे ७९ टक्के, तर वटवाघळांतल्या एका विषाणूशी सुमारे ९६ टक्के जुळते. भारतातल्या सुरुवातीच्या रुग्णांतील विषाणूंच्या माळा पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने वाचल्या.

जेथे अक्षरे हात टेकतात

आता भुईमुगाच्या गाठीकडे वळू. लेगहीमोग्लोबिन आणि आपले हीमोग्लोबिन यांच्या माळा जुळवल्या, तर साधारण पाचवा हिस्सा किंवा त्याहूनही कमी आम्ले सारखी निघतात. पिसण्याच्या परीक्षेत एवढे साम्य जेमतेम तरते. पण या प्रथिनांची अवकाशातली घडी पाहिली, तर ती आश्चर्य वाटावे इतकी सारखी आहे : तीच वळणे, लोहाचा अणू धरून ठेवणारी तीच खोबण. कोट्यवधी वर्षांत अक्षरे बदलत गेली, आकार टिकून राहिला. म्हणून अभ्यासक्रमाच्या दुसऱ्या वर्षी प्रथिनांच्या आकाराला मोठी जागा असते.

या क्षेत्राचा एक पाया भारतात घातला गेला. मद्रास विद्यापीठात गो. ना. रामचंद्रन, सी. रामकृष्णन आणि व्ही. शशिशेखरन यांनी १९६३ मध्ये दाखवून दिले की, प्रथिनाच्या साखळीला प्रत्येक सांध्याशी वाटेल तसे वळता येत नाही. दोन कोनांच्या ठरावीक जोड्याच चालतात. बाकीच्यांत अणू एकमेकांवर आदळतात. त्यांनी काढलेला आलेख ‘रामचंद्रन आलेख’ म्हणून जगभर वापरला जातो. नुसत्या अक्षरांवरून संपूर्ण आकार ओळखण्याचे कोडे मात्र पुढे अर्धशतकभर सुटले नाही. २०२० मध्ये ‘अल्फाफोल्ड’ या संगणकप्रणालीने त्यात मोठी मजल मारली, आणि २०२४ च्या रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचा अर्धा भाग ती घडवणाऱ्या डेमिस हसाबिस व जॉन जंपर यांना मिळाला. उरलेला अर्धा डेव्हिड बेकर यांना, नवी प्रथिने संगणकाने रचल्याबद्दल. अल्फाफोल्ड शिकली ती प्रयोगांनी ठरवलेल्या हजारो आकारांवरून आणि एकमेकांखाली जुळवून ठेवलेल्या असंख्य माळांवरून. आपली चौकट तेथेही आहेच.

शेवटच्या सत्रात विद्यार्थी एखादा प्रकल्प हाती घेतो : एखाद्या जीवाणूची औषधाला दाद न देणारी जनुके शोधणे, एखाद्या पिकाची दोन वाणे ताडून पाहणे, असे काहीतरी. पायथॉन किंवा आर या भाषांत आज्ञावली लिहाव्या लागतात. त्या भाषा येतील तशा येतात. चौकट हाताने भरता येणे अधिक गरजेचे.

करून पाहा

अगसथ आणि असथग या माळा जुळवा. कडेच्या घरांशिवाय १६ घरे भरावी लागतील. मग रिकाम्या जागेचा दंड १ ऐवजी ३ धरून (पहिली ओळ ०, –३, –६… अशी होईल) पुन्हा भरा. जोडणी तीच राहते का?

उत्तर : पहिल्या वेळी गुण १; तीन अक्षरे जुळतात आणि दोन जागा रिकाम्या राहतात. दुसऱ्या वेळी गुण –२ आणि रिकामी जागा एकही नाही. फक्त ‘अ’खाली ‘अ’ येतो.